जमिनीतली उष्णता वापरायची, तर बोअरच्या खर्चाचा अंदाज कसा काढावा?

विदर्भात कुठेही बोअरचा विषय निघाला की पहिला प्रश्न 'फुटाचा भाव काय' हाच असतो. पाण्याच्या बोअरपुरता हा प्रश्न बऱ्यापैकी पुरतो. शेजारच्या वावरात किती फुटांवर काय लागले हे ठाऊक असते, काम एका रात्रीत उरकते आणि बोअर कोरडा गेला तरी किती पैसे बुडतील याची कल्पना आधीच असते. जमिनीतली उष्णता वापरण्यासाठी विहीर घ्यायची झाल्यास मात्र हाच प्रश्न दिशाभूल करतो, कारण तिथला खर्च फुटांवर कमी आणि खडक, वेळ व अपयशाची शक्यता या तिन्हींवर जास्त अवलंबून असतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून त्यात विजेबरोबरच उष्णतेच्या थेट वापरालाही स्थान दिले आहे. उद्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे असा प्रस्ताव आला, तर त्यातला विहिरीचा आकडा कसा तपासायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. भूऔष्णिक प्रकल्पाच्या एकूण खर्चात विहिरींचा वाटा साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असतो. तो आकडा चुकला तर यंत्रसामग्रीत केलेली काटकसर काही उपयोगाची ठरत नाही.

कमी तापमानाची भूऔष्णिक ऊर्जा म्हणजे ढोबळमानाने १५० अंश सेल्सिअसच्या आतली उष्णता. काही तज्ज्ञ ही मर्यादा ९० अंशांवरच आखतात. जमिनीत खाली जावे तसे तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. नागपूर परिसराचे वर्षभराचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे आणि काही मीटर खाली गेल्यावर ऋतू कोणताही असला तरी जमिनीचे तापमान त्याच्याच जवळपास स्थिर राहते. पृष्ठभागाशी २८ अंश आणि किलोमीटरमागे २५ अंश वाढ धरली, तर ९०० मीटर खोलीवर सुमारे ५० अंश मिळतील. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर उभा आहे.

पन्नास अंशांच्या पाण्यातून वीज काढण्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलास्कातील चेना येथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. तिथे यंत्र थंड करायला चार-पाच अंशांचे पाणी हाताशी आहे, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. उष्णतेतून वीज काढण्याची सैद्धांतिक कमाल मर्यादा गरम आणि थंड बाजूंमधील फरकावर ठरते. ७४ आणि ४ अंशांमध्ये ही मर्यादा २० टक्के येते, तर थंड बाजू ४० अंशांवर असेल तर तेच पाणी १० टक्क्यांच्याही वर जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्मेही येत नाही. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात मणुगुरू येथे सिंगरेणी कोलियरीजच्या क्षेत्रात २० किलोवॅटचा प्रायोगिक संच उभारण्यात आला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतून खाली जाणाऱ्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातलेच ते ठिकाण असल्यामुळे आपल्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. पण त्याची क्षमताही सांगते की विदर्भात या उष्णतेचा खरा उपयोग थेट वापरात आहे.

उथळ बोअर: थंडाव्याचा हिशेब

थेट वापराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्या खर्चाचे गणित पूर्णपणे वेगळे आहे. पहिल्या प्रकारात पाणी उपसायचेच नसते. ६० ते १०० मीटरच्या बोअरमध्ये इंग्रजी 'यू' आकाराची एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकची, नळी सोडतात, भोवतालची पोकळी उष्णता वाहून नेणाऱ्या लगद्याने भरतात आणि नळीतून बंद फेऱ्यात पाणी फिरवतात. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असताना जमीन २८ अंशांवर असते, म्हणून वातानुकूलन यंत्राने बाहेरच्या तापलेल्या हवेत उष्णता फेकण्याऐवजी ती जमिनीत सोडली तर विजेची चांगली बचत होते.

समजा, वरुड-मोर्शी भागातील संत्र्याच्या पॅकिंग हाउसला ३० किलोवॅटचा थंडावा हवा आहे. यंत्राची स्वतःची ८ किलोवॅट वीज धरून जमिनीत ३८ किलोवॅट उष्णता सोडावी लागेल. बोअरच्या प्रत्येक मीटरमागे जमीन किती उष्णता घेते, यावर बोअरची एकूण लांबी ठरते. युरोपातील व्यवहारात खडकानुसार हा आकडा मीटरमागे २० ते ८० वॅट असा धरतात. तिथली जमीन थंड असल्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही. तो एका बोअरवर प्रत्यक्ष चाचणी करूनच ठरवावा लागतो. हिशेबापुरते ४० वॅट धरले तर ९५० मीटर बोअर लागेल.

आता हे ९५० मीटर कसे वाटायचे? ९५ मीटरचे १० बोअर घेता येतील. पण बोअरवाल्यांचा भाव स्लॅबचा असतो. समजा, पहिल्या ३०० फुटांना फुटामागे १०० रुपये आणि पुढे दर शंभर फुटांना २० रुपये वाढ, असा करार आहे. ९५ मीटर म्हणजे ३१२ फूट, म्हणजे प्रत्येक बोअरचे शेवटचे १२ फूट वरच्या स्लॅबमध्ये जातात. तेच काम ११ बोअरमध्ये वाटले तर प्रत्येक बोअर २८४ फुटांच्या आत राहतो, मात्र एका बोअरची केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेली नळी) आणि जोडणी वाढते. शिवाय महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानले असून तिच्यावर बंधने आहेत. वरुडसारख्या अतिउपशाच्या तालुक्यात हा मुद्दा आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून स्पष्ट करून घ्यावा. साठच्या आत राहायचे ठरले तर ५६ मीटरचे १७ बोअर लागतील आणि त्यांच्यात सुमारे सहा-सहा मीटर अंतर ठेवायला जागाही लागेल.

खडकाचा फरक इथे फार बोलका आहे. यवतमाळ, अमरावती, वर्धा या पट्ट्यातला बेसाल्ट उष्णता बेताचीच वाहून नेतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस) ती बरीच अधिक वाहून नेतो. म्हणजे पूर्व विदर्भात एवढ्याच थंडाव्यासाठी कमी मीटर पुरतील. दुसरीकडे, तो खडक कठीण आणि बिट, म्हणजे खडक फोडणारे टोक, झिजवणारा असल्यामुळे फुटाचा भाव तिथे अधिक लागू शकतो. भाव जास्त आणि तरीही प्रकल्प स्वस्त, असे घडू शकते. म्हणूनच दोन ठिकाणांची तुलना फुटाच्या भावावर करण्यात अर्थ नाही. एक किलोवॅट थंडाव्यामागे बोअरचा खर्च किती, हे पाहावे.

खोल विहीर: भाव वाढतो कशाने?

दुसऱ्या प्रकारात खोलवरचे गरम पाणी वर आणून त्याची उष्णता वापरायची असते. स्लॅबचा भाव खोलीबरोबर का वाढतो, हे समजले की या विहिरीचा निम्मा हिशेब समजतो. वरच्याच दराने १,००० फुटांचा बोअर १ लाख ५६ हजार रुपयांना पडतो, तर सरसकट १०० रुपये दराने तो १ लाखात व्हायला हवा होता. या ५६ हजारांमागे खरी कारणे आहेत. खोली वाढली की बिट बदलण्यासाठी सगळे रॉड एकेक करून बाहेर काढावे लागतात आणि पुन्हा आत सोडावे लागतात. तेवढा वेळ गाडी उभी असते, डिझेल जळत असते आणि भोक एक इंचही पुढे जात नाही.

त्याहून मोठी अडचण हवेच्या दाबाची आहे. विदर्भात फिरणाऱ्या गाड्या, ज्यांतल्या कितीतरी तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या असतात, डीटीएच, म्हणजे भोकाच्या तळाशी हातोडा चालवण्याच्या, पद्धतीने काम करतात. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हातोडा चालवते आणि चुरा घेऊन वर येते. बोअरमध्ये पाणी भरले की दर १० मीटर पाण्यामागे हवेला सुमारे १ बार दाब आधी नुसता पाणी सारण्यातच खर्चावा लागतो. पाण्याचा स्तंभ १५० मीटरचा झाला तर १५ बार तिथेच गेले, आणि २० बारच्या कॉम्प्रेसरकडे हातोड्यासाठी जेमतेम ५ बार उरले. पाण्याच्या बोअरमध्ये भरपूर पाणी लागले की आनंद असतो आणि काम तिथेच थांबते. गरम पाण्याच्या विहिरीत ते वरचे थंड पाणी अडवून पुढे जायचे असते, आणि तेच गाडीला थांबवते. त्यापुढे चिखलपाणी फिरवणारी रोटरी रिग, म्हणजे खोल खोदाईचे मोठे यंत्र, लागते. तिचा भाव फुटावर नसतो, दिवसावर किंवा तासावर असतो.

तासाच्या भावावरून मीटरचा खर्च काढण्याचे जगभर वापरले जाणारे सूत्र साधे आहे. बिटची किंमत, अधिक रिगचा ताशी दर गुणिले एकूण तास, आणि या बेरजेला त्या बिटने पाडलेल्या मीटरांनी भागायचे. एकूण तासांत प्रत्यक्ष खोदाईचे तास आणि रॉड काढण्या-घालण्याचे तास, दोन्ही धरायचे. उदाहरणासाठी रिगचा दर ताशी १५ हजार आणि बिट दीड लाखाचे धरू. हे बिट ४० तासांत १२० मीटर खोदते. ३०० मीटर खोलीवर रॉड काढण्या-घालण्याला ४ तास लागले तर मीटरचा खर्च ६,७५० रुपये येतो. ९०० मीटरवर त्याच कामाला १० तास लागले तर तो ७,५०० होतो. नुसत्या खोलीमुळे झालेली वाढ एवढीच.

आता खडक कठीण लागला आणि तेच बिट ४० तासांत ६० मीटरच गेले, असे समजू. मीटरचा खर्च एकदम १५,००० रुपये होतो. खोली तीच, रिग तीच, बिटही तेच. केवळ खडकाने खर्च दुप्पट केला. इथे पुष्कळ जण स्वस्त बिट शोधू लागतात. त्याऐवजी ३ लाखांचे, म्हणजे दुप्पट महाग बिट घेतले आणि ते ६० तास टिकून १३५ मीटर गेले, तर मीटरचा खर्च १०,००० रुपयांवर उतरतो. महाग बिट स्वस्त पडते, कारण ते रिगचे तास वाचवते. अंदाजपत्रकात बिटची किंमत ठळक दिसते, तास मात्र लपलेले असतात, म्हणून हे उदाहरण जरा तपशीलाने दिले.

९०० मीटरच्या विहिरीसाठी मीटरमागे ७,५०० की १५,००० रुपये, एवढ्या एका अनिश्चिततेने खोदाईचा खर्च ६७ लाख ५० हजार ते १ कोटी ३५ लाख असा कुठेही जाऊ शकतो. यात केसिंग, सिमेंट, रिग आणणे-नेणे, चाचण्या यांतले काहीही धरलेले नाही.

खालचा खडक कोण सांगणार?

बोअर चालू असताना गाडीजवळ उभे राहिले तर मदतनीस दर रॉडमागे चुऱ्याचा एक ढीग ओळीत मांडत जातो, हे दिसते. काळा पाषाण असेल तोवर भुकटी करडी आणि बारीक येते. मांजऱ्या खडक लागला की तिच्यात पांढरे-हिरवट कण दिसू लागतात आणि दोन लाव्हाथरांमधली लाल माती लागली की भुकटीची जागा तांबडा चिखल घेतो. अनुभवी बोअरवाला हातोड्याच्या आवाजावरूनही थर बदलल्याचे सांगतो. हे ज्ञान मोलाचे आहे, मात्र ते बोअर मारल्यानंतर मिळते. खर्चाच्या अंदाजाला ते आधी हवे असते.

विदर्भाचे भूशास्त्र ढोबळमानाने चार प्रकारचे आहे आणि प्रत्येकात खर्चाचा जोर वेगळ्या बाबीवर पडतो. पश्चिमेकडच्या बेसाल्टमध्ये भोक सहसा आपल्या बळावर उभे राहते, म्हणून पाण्याच्या बोअरला वरच्या मुरमापुरती केसिंग पुरते. पण या लाव्हाथरांची एकूण जाडी ठिकाणानुसार खूप बदलते. कोयनेच्या संशोधन विहिरींमध्ये बेसाल्ट ९०० मीटरहून जाड निघाला, तर किल्लारीजवळच्या विहिरीत ३३८ मीटरवर संपला. पूर्वेकडे तो पातळ होत जातो आणि नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीपाशी त्याची कड येते. यवतमाळच्या एखाद्या गावात ५०० मीटरचा बेसाल्ट गृहीत धरला आणि तो २०० मीटरवरच संपला, तर खालच्या थरासाठी वेगळी बिटे, वेगळी केसिंग आणि कदाचित वेगळी रिगही लागेल.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेचा गाळ शेकडो मीटर जाड आहे. तिथे खोदाई भराभर होते, पण भोक ढासळते, म्हणून जवळजवळ पूर्ण खोलीला केसिंग लागते. शिवाय पाणी खारट असल्यामुळे साधे लोखंड लवकर गंजते, आणि पाणी गरम असेल तर साध्या पीव्हीसीची ताकदही घटते. अशा ठिकाणी अंदाजपत्रकात खोदाईपेक्षा केसिंगचा आकडा मोठा दिसला तर तो संशयास्पद नाही. तो लहान दिसला तरच विचारणा करावी. चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसापट्ट्यातले गोंडवाना थर, म्हणजे वाळूखडक, शेल आणि कोळसा, खोदायला बेसाल्टपेक्षा मऊ आहेत आणि खोलवर पाणी धरून ठेवण्याची शक्यता तिथेच अधिक आहे. पूर्वेच्या ग्रॅनाइटात गरम पाणी मिळेल ते भेगांमध्येच, आणि भेग नेमकी कुठे आहे हे सांगणे फार अवघड असते. पैनगंगेच्या काठी, यवतमाळच्या सीमेलगत, किनवट तालुक्यातील उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, याचा अर्थ तिथे पाण्याला खोलवरून वर येण्याची वाट सापडली आहे. ती वाट चार किलोमीटरवरच्या गावाखालूनही जाते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

या बाबतीत विदर्भाचे एक भाग्य आहे आणि त्याचा लाभ घेतला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कोळसा आणि खनिजांच्या शोधासाठी आपल्या भागात दशकानुदशके खोल बोअर मारले गेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय, केंद्रीय भूजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालय, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि खनिज शोधाचे काम करणारी सरकारी कंपनी एमईसीएल, हे सारे नागपुरातच आहेत. जुन्या बोअरच्या नोंदींत थरांची जाडी, ढासळलेली जागा, पाणी लागलेली खोली आणि काही वेळा तापमानही मिळू शकते. लाखो रुपयांच्या खोदाईने जे कळेल त्यातला बराच भाग एका अर्जाने आणि भूवैज्ञानिकाच्या काही आठवड्यांच्या कामाने कळत असेल, तर अंदाजपत्रकातला पहिला खर्च तोच असला पाहिजे. पाणाड्याच्या सांगण्यावर पाण्याचा बोअर मारण्याची रीत आपल्याकडे आहे. ९०० मीटरच्या विहिरीसाठी त्या वाटेने कोणीही जाऊ नये.

रुंदी, केसिंग आणि न दिसणारे दिवस

विहिरीची आखणी तळापासून वर केली जाते. किती पाणी हवे यावरून तळाचे भोक ठरते आणि त्यावरून वरचा प्रत्येक टप्पा रुंदावत जातो. तळाशी साडेआठ इंची भोक हवे असेल तर त्याच्या वरच्या टप्प्यात सुमारे ९.६ इंची केसिंग आणि तिच्यासाठी सव्वाबारा इंची भोक लागते. सगळी रचना उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखी दिसते. सव्वाबारा इंची भोकातून साडेआठ इंचीच्या दुपटीहून अधिक खडक काढावा लागतो. त्यामुळे मध्येच ढासळणारा थर लागला आणि केसिंगचा एक टप्पा वाढवावा लागला, तर तो खर्च त्या थरापुरता राहत नाही. वरची सगळी रुंदी आधीच मोठी ठेवायला हवी होती, हे तेव्हा कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

शिवाय ज्या दिवशी भोक पुढे जात नाही, तो दिवसही रिगच्या बिलात असतो. केसिंगमागे भरलेले सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबणे, तापमान व थरांची मोजणी, रॉड अडकणे, तुटलेला तुकडा भोकातून काढणे, भेगेत चिखलपाणी नाहीसे होणे, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली गाडी बाहेर काढणे. यांतले पहिले दोन हमखास घडणार असतात, म्हणून त्यांचे दिवस अंदाजपत्रकात लिहावेत. बाकीच्यांसाठी आकस्मिक खर्चाची तरतूद ठेवावी. शेजारच्या जुन्या बोअरची नोंद हातात असेल तर १० ते १५ टक्के आणि नसेल तर २५ टक्क्यांच्या खाली तरतूद ठेवू नये, असे मला वाटते. आणि अंतिम अंदाज एका आकड्यात कधीही मांडू नये. सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती आणि बरेच बिघडले तर किती, असे तीन आकडे मागावेत आणि कर्जाची तयारी तिसऱ्या आकड्याची ठेवावी.

विहीर फसली तर

जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१३ मध्ये १४ देशांतील २,६०० हून अधिक भूऔष्णिक विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण ७८ टक्के विहिरी यशस्वी ठरल्याचे दिसले, मात्र नव्या क्षेत्रातल्या पहिल्यावहिल्या विहिरींचे प्रमाण याहून बरेच कमी होते. विदर्भात घेतली जाणारी अशी प्रत्येक विहीर सध्या या पहिल्यावहिल्यांतच मोडेल.

एका विहिरीचा खर्च १ कोटी आणि यशाची शक्यता १० पैकी ४ असेल, तर दहा ठिकाणी मिळून १० कोटी खर्चून चार विहिरी मिळतील. एका यशस्वी विहिरीची खरी किंमत झाली अडीच कोटी. आता आधी प्रत्येक ठिकाणी २५ लाखांची बारीक व्यासाची शोधविहीर घेतली, असे समजू. तिने पाच जागा नाकारल्या, उरलेल्या पाच जागी मोठी विहीर घेतली आणि त्यांतल्या चार लागल्या. शोधविहिरींचे अडीच कोटी आणि मोठ्या विहिरींचे पाच कोटी, म्हणजे साडेसात कोटींत चार. एका यशस्वी विहिरीची किंमत १ कोटी ८७ लाखांवर आली. यशाची शक्यता आधीपासूनच चांगली असेल तर शोधविहिरीने सरासरी खर्चात फारशी बचत होत नाही, हेही खरे आहे. पण ज्या गावाकडे एकाच विहिरीचे पैसे आहेत, त्याला सरासरीचा काय उपयोग? त्याचे २५ लाख बुडाले तर ते कसेबसे सोसता येतील, एक कोटी बुडाले तर संस्थाच बुडेल.

म्हणूनच फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून अशा विहिरींच्या अपयशाची जोखीम वाटून घेणारा निधी चालवला गेला. पॅरिसच्या परिसरात दीड ते दोन किलोमीटरवरच्या चुनखडकातून ५५ ते ८५ अंशांचे पाणी काढून हजारो घरे उबदार ठेवली जातात, त्यामागे हा निधी आणि एकाच थरात एकामागून एक घेतलेल्या विहिरींचा अनुभव आहे. सवयीने खर्च किती उतरतो याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील यूटा राज्याचे आहे. तिथे ग्रॅनाइटात खूप खोल, उच्च तापमानाच्या विहिरी घेणाऱ्या एका कंपनीने एका विहिरीचा खर्च ९४ लाख डॉलरवरून ४८ लाख डॉलरवर आणल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. तिच्या विहिरींची आपल्याशी तुलना नाही, पण तोच खडक आणि तेच कामगार असले की चौथी विहीर पहिलीपेक्षा स्वस्त पडते, हे तत्त्व इथेही लागू आहे. एका पट्ट्यातल्या तीन-चार संस्थांनी मिळून एकच कंत्राट दिले तर रिग आणण्याचा खर्चही वाटला जाईल.

या सगळ्याची किंमत अखेर उष्णतेतून वसूल व्हायची आहे. सेकंदाला ८ लिटर पाणी ५० अंशांवर मिळाले आणि उष्णता काढून ते ३५ अंशांवर सोडले, तर सुमारे ५०० किलोवॅट उष्णता हाती येते. पाणी १०० मीटरवरून उपसायला १४ किलोवॅटच्या आसपास वीज लागेल, म्हणजे हा व्यवहार चांगला आहे. पण उष्णता वर्षात किती दिवस वापरणार? एप्रिलमध्ये मिरची वाळवायला विदर्भाचे ऊन फुकट मिळते. हळद शिजवायला ५० अंश पुरत नाहीत. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात सापडलेले सोयाबीन मात्र १२ टक्के ओलाव्याच्या निकषात बसत नाही म्हणून खरेदी केंद्रावरून परत येते. तिथे ४५ अंशांची कोरडी हवा सोन्याच्या मोलाची ठरेल. त्यानंतर हिवाळ्यात भिवापूरची मिरची आणि पुढे भाजीपाला, असा वापर चार-सहा महिने चालला तरच विहीर परवडेल. केवळ सोयाबीनच्या तीन आठवड्यांसाठी ती घेऊ नये. आणि वापरलेले पाणी त्याच थरात परत सोडायचे असेल, जे भूजल खालावलेल्या भागात सोडायलाच हवे, तर दुसरी विहीर लागते. तिचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात हवा. फ्लोराइडचे प्रमाण जास्त असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात तर हे पाणी नाल्यात सोडण्याचा विचारही करू नये.

कंत्राट फुटावर, दिवसावर की ठोक, हा शेवटचा प्रश्न उरतो. ओळखीच्या खडकात फुटाचा किंवा मीटरचा भाव दोघांनाही सोयीचा असतो. अनोळखी खडकात कंत्राटदार ठोक भाव देत असेल तर त्याने सगळी जोखीम आकड्यात घातली आहे किंवा अडचण येताच तो काम सोडणार आहे, यांपैकी एक गृहीत धरावे. अशा ठिकाणी दिवसाचा भाव, त्याला घातलेली कमाल मर्यादा आणि काम कोणत्या खोलीवर किंवा कोणत्या खर्चावर थांबवायचे याची आधी लिहून ठेवलेली अट, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. त्याच करारात विहीर फसल्यास ती सिमेंटने भरून बंद करण्याचा खर्च कोण करणार, हेही लिहून घ्यावे. सोडून दिलेले बोअर बुजवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले आहेत, तरीही उघड्या बोअरमध्ये मुले पडल्याच्या बातम्या येतच असतात. ९०० मीटरचे भोक नीट बंद करायला सिमेंट, रिगचे काही तास आणि माणसे लागतात. ही रक्कम सुरक्षा ठेव म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच वेगळी काढून ठेवावी, कारण विहीर फसल्यावर त्या कामासाठी पैसे द्यायला कोणीही पुढे येत नाही.